कामावरची झोप

आत्या नेमकी कुणाची आत्या, हे आता तिलाही आठवून सांगावं लागे. पाळणाघरात येणारं प्रत्येक पोर, त्या पोराचे आईबाप आणि खालच्या मजल्यावरचा शिंपीसुद्धा तिला आत्याच म्हणत. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि लोखंडी जिन्याच्या तोंडाशी एक बुटकं फाटक, एवढा तिचा कारभार. मुलांना भरवणं, पुसणं, त्यांची भांडणं सोडवणं ही कामं कुणीही करील, असं तिचं स्पष्ट मत होतं आणि म्हणून ती तिनं वहिनीवर सोपवली होती. वहिनी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. स्वतःकडे आत्यानं एकच काम ठेवलं होतं, दुपारी मुलांना झोपवायचं, आणि त्यात आपला हात धरणारं या भागात कोणी नाही असं ती बिनदिक्कत सांगायची. खोटं नव्हतं ते.

"मूल झोपवता येत नाही," नव्या पालकांना ती पहिल्याच दिवशी सुनवायची. "थोपटून थोपटून तुमचा हात भरून येतो आणि पोर ताजंतवानं राहतं. आधी आपल्याला झोप आली पाहिजे. ती बघून त्यांना येते."

जेवणं झाली की वहिनी पडदे ओढायची, गाद्या घालायची आणि भांडी घासायला आत जायची. मग आत्या सगळ्यांच्या मधोमध आपल्या गादीवर आडवी व्हायची आणि जांभई द्यायची. पहिली जांभई मोठी, सगळे दात दिसतील अशी, खास मुलांसाठी. दुसरी लहान, हातामागे लपवलेली. तिसरी मग आपोआप यायची, आणि तोवर खोलीत दोन-तीन तोंडं उघडलेली असायची. त्यानंतर गोष्ट. एका माणसाच्या शर्टाचं बटण हरवलेलं असतं. तो पलंगाखाली बघतो, मग कपाटामागे बघतो, मग दमून जरा बसतो, मग उठून पुन्हा पलंगाखाली बघतो. ही गोष्ट पाळणाघर उघडलं त्या दिवशी सुरू झाली होती आणि बटण अजून सापडलेलं नव्हतं. गोष्ट रंगली की झोप उडते, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिनं त्या बिचाऱ्या माणसाच्या आयुष्यात काही म्हणजे काही घडू दिलं नव्हतं.

बटण शोधता शोधता तिचे शब्द जड व्हायचे, वाक्य अर्ध्यात राहायचं, मान कलायची, तोंड उघडं पडायचं आणि घोरणं सुरू व्हायचं. ते घोरणंही बेतलेलं होतं. फार मोठं नाही, घाईचं तर नाहीच. हळूहळू सगळ्या खोलीचे श्वास त्याच्या मागून चालू लागायचे. कोणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाई ठार झोपली. पण बाई टक्क जागी असायची. कुणाचं नाक चोंदलंय, कोण पांघरुणाचं टोक चोखतंय, कोण नुसतेच डोळे मिटून पडलंय, हे तिला मिटल्या डोळ्यांनी कळायचं. एखाद्याचं पांघरूण सरकलं तर घोरण्यात खंड न पाडता ती ते पायानं वर ओढायची.

"वन्सं, एक दिवस हे नाटक तुमच्या अंगाशी येणार आहे," वहिनी म्हणायची.

"येईल तेव्हा बघू," आत्या म्हणायची. "तोवर पोरं झोपतात ना?"

झोपायची. सगळी झोपायची. फक्त फौजदार झोपायची नाही.

फौजदार म्हणजे चार वर्षांची एक मुलगी, नवीनच आलेली. हे नाव आत्यानंच दिलं होतं, कारण दुपारी खोली झोपली की ही उठायची, दोन्ही हात पाठीमागे बांधायची आणि गाद्यांमधून गस्त घालायची. प्रत्येकाच्या तोंडाशी वाकून बघायची. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन वहिनी आहे याची खात्री करून घ्यायची. मग फाटकापाशी जाऊन कडी लागलेली आहे ना ते पाहायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. रडणं नाही, हट्ट नाही, कुणाला त्रास नाही.

"तू का गं झोपत नाहीस?" आत्यानं एकदा विचारलं.

"मी लक्ष ठेवते," फौजदार म्हणाली.

"कुणावर?"

"सगळ्यांवर."

आत्यानं आपली सगळी शस्त्रं काढून पाहिली. जांभया वाढवल्या. बटणवाल्या माणसाला दिवसेंदिवस नुसतं खुर्चीत बसवून ठेवलं. तो इतका कंटाळवाणा झाला की एकदा वहिनी दारातच उभ्या उभ्या पेंगली. फौजदार मात्र ढिम्म. आत्याचा अभिमान दुखावला होता, हे खरंच. पण त्याहून जास्त तिला त्या पोरीची कीव यायची. डोळ्यांखाली काळं आलेलं, संध्याकाळी बाप न्यायला आला की त्याच्या खांद्यावर मान टाकायची आणि तरी डोळे उघडे ठेवायची. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. तोही तसाच, ओढलेला, डोळे लाल. आई बोटीवर नर्स आहे, सहा महिन्यांनी येईल, एवढंच त्यानं सांगितलं होतं. घाईत असायचा. आत्यानंही खोदून विचारलं नाही, आणि ही चूक तिची होती.

आणि मग एका दुपारी ते नाटक खरोखरच अंगाशी आलं.

त्या दिवशी फौजदार पहिल्यांदा खाली बसली होती. गस्त अर्धवट सोडून आत्याच्या गादीच्या काठावर टेकली होती, मान हळूहळू पुढे झुकत होती. आत्या घोरत होती आणि मनातल्या मनात नाचत होती. तेवढ्यात जिना वाजला. बाप पोरीचं विसरलेलं जाकीट द्यायला आला होता. फाटकाशी कोणी येत नाही म्हणून त्यानं वाकून कडी काढली आणि खोलीच्या दाराच्या काचेतून आत पाहिलं. त्याला दिसली तोंड उघडं टाकून घोरणारी एक बाई आणि साऱ्या खोलीत एकटी जागी बसलेली आपली मुलगी. आत्यानं डोळे उघडले असते तर प्रश्न मिटला असता. पण फौजदारची मान आता जवळजवळ छातीला लागली होती. आणखी थोडा वेळ, फक्त थोडा वेळ, असं म्हणत आत्या घोरत राहिली. बापानं काचेवर मूठ आपटली. सगळी खोली एकदम रडायला लागली.

"तुमच्या भरवशावर मी पोर टाकून जातो!" तो ओरडला. "आणि तुम्ही इथं ढाराढूर?"

"मी झोपले नव्हते."

"मी या डोळ्यांनी पाहिलं. तोंड उघडं होतं तुमचं!"

"कानही उघडे होते," आत्या रडणारी दोन पोरं कडेवर घेत म्हणाली. "तुम्ही जिन्यात मधल्या वळणावर थांबलात, धाप टाकलीत आणि मग वर आलात."

"तिथं सगळेच थांबतात! जिनाच तसा आहे." हेही खोटं नव्हतं. "मी जिना चढलो, फाटक उघडलं, माझ्या जागी आणखी कोणी असतं म्हणजे? उद्या संध्याकाळी न्यायला येतील त्या एकेका पालकाला मी हे सांगणार आहे. मग बघा कोण मुलं पाठवतं ते."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. पाळणाघर विश्वासावर चालतं. दोघा-तिघांनी मुलं काढली की बाकीची आपोआप जातात, आणि एकदा गेलेली परत येत नाहीत. हे दार बंद झालं तर दोघींना खाली शिंप्याकडे काजं करत बसावं लागलं असतं. आत्याही घाबरली होती. पण ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"अवश्य सांगा," ती म्हणाली. "संध्याकाळीच सांगायचंय ना? मग त्याआधी दुपारी या. जेवून या. आणि इथं मुलांमध्ये झोपा."

"काय?"

"झोपा म्हणते. लोळा. गादी देते. माझं काम बघा, मग मी झोपा काढते की काय ते छातीठोक सांगा. अर्धवट बघून कशाला सांगताय?"

त्यानं हातातलं जाकीट मुलीकडे दिलं. मग म्हणाला, "येतो. बघतोच."

दुसऱ्या दिवशी तो आला. फाटकाशी बूट काढले, ते हातात घेऊन आत आला आणि गादीपाशी ठेवले. मुलांची गादी त्याला गुडघ्यांपर्यंतच पुरली, बाकीचे पाय फरशीवर. हाताची घडी घालून तो छताकडे बघत पडला. झोपायचं नाही असा पणच करून आला होता. फौजदार त्याच्या शेजारी येऊन पडली आणि तिनं त्याच्या स्वेटरची बाही मुठीत धरली. घट्ट.

आत्यानं जांभई दिली. दुसरी दिली. तिसरी आली. बटणवाला माणूस पलंगाखाली वाकला. आज तिनं त्याला फारच सावकाश वाकवला. बापानं दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा सुस्कारा सोडला, एकदा जांभई दाबली. आत्याचं वाक्य अर्ध्यात राहिलं, मान कलली, घोरणं सुरू झालं. पोरं एकामागून एक झोपी गेली. आणि मग आत्यानं ज्याची आशा सोडली होती ते घडलं. बापाच्या बाहीला धरून पडलेल्या फौजदारचा श्वास एकदा अडखळला, पुन्हा अडखळला, आणि बाकीच्यांच्या मागून चालू लागला. पोरगी झोपली. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या मध्ये, खरीखुरी झोपली. आनंदानं आत्याचं घोरणं चुकता चुकता राहिलं.

बापालाही ते कळलं. त्यानं मान वळवून मुलीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग आत्याला ऐकू आली ती लोकरीची सळसळ. तो अगदी हळू उठत होता. मुलीच्या मुठीतून त्यानं बाही ओढली नाही. आधी दुसरा हात स्वेटरमधून काढला, मग डोकं, मग धरलेल्या बाहीतून हात असा अलगद सोडवला की स्वेटर मुठीतच राहिला आणि बाप बाहेर आला. तो गोळा त्यानं तिच्या छातीशी सारला. बूट उचलले, हातातच ठेवले. गाद्यांच्या मधून, टाच न टेकवता, तो दाराकडे निघाला. एवढी सफाई पहिल्या खेपेला येत नाही. हे सगळं त्या घरात आधी घडलेलं आहे, हे आत्याला त्याच क्षणी लख्ख कळलं, आणि गस्त का, फाटकाची कडी का, तेही.

"बूट खाली ठेवा," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. दोन घोरण्यांच्या मध्ये जेवढी जागा असते तेवढ्यातच ती बोलली.

तो जागच्या जागी थिजला. "तुम्ही जाग्या आहात?"

"मी कामावर आहे," आत्या म्हणाली. "हळू बोला. घड्याळ दोनदा बघितलंत, एक जांभई गिळलीत, आणि आता स्वेटर टाकून पळताय. ही कला कुठं शिकलात?"

 तो खाली बसला, बूट मांडीवर घेऊन. त्याचा कालचा सगळा ताव उतरला होता.

"तिच्या आईनं शाल ठेवली होती," तो कुजबुजला. "गेली त्या दिवशी. ही शाल धरून झोपलेली होती. म्हटलं, उठायच्या आत निघावं. नाहीतर रडली असती."

"कोण?"

"दोघीही."

"मग उठल्यावर हिनं काय केलं?"

"शाल घेऊन सगळ्या खोल्या फिरली. कपाट उघडून बघितलं. बाथरूमच्या दारामागे बघितलं. रडली नाही हो. आम्हाला वाटलं, किती शहाणी आहे." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आता आईचा फोन आला की टेबलाखाली जाऊन बसते. रात्री माझ्याकडे बघत राहते. मी झोपलो की मला हलवते. मग मीही जागा."

 इतके दिवस आत्या या पोरीपुढे रोज तोंड उघडं टाकून झोपेचं सोंग करत होती, आणि पोरीला मात्र झोप म्हणजे काय ते पुरतं कळून चुकलं होतं. आपण झोपलो की माणसं जातात. तिच्यापुढे बटण शोधून काय उपयोग? आत्याला स्वतःचा राग आला, त्या दोघा आईबापांचा आला, आणि मग ती उठून बसली. दुपारच्या वेळी ती अशी उठून बसलेली पाळणाघरानं कधी पाहिली नव्हती.

"उठवा तिला," ती म्हणाली.

"आत्ता?" तो हबकला. "किती महिन्यांनी डोळा लागलाय तिचा!"

"म्हणूनच. उठवा आणि जातो म्हणून सांगा. आज जर उठल्यावर तिला स्वेटर मिळाला आणि तुम्ही नाही, तर ती परत कुठंच झोपणार नाही."

वहिनी ओला हात पदराला पुसत दारात आली होती. झोपलेल्या मुलाला उठवणं या घरात सगळ्यात मोठा गुन्हा होता. एकदा शिंप्याचं मशीन मोठ्यानं चालत होतं म्हणून आत्या खाली जाऊन त्याच्याशी भांडून आली होती. "वन्सं, बरं आहे ना तुम्हाला?" वहिनीनं विचारलं.

"मला काही झालेलं नाही. उठवा हो!"

बापानं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. एकदा हलवलं, दोनदा हलवलं. फौजदारनं डोळे उघडले, आधी मुठीतला स्वेटर पाहिला आणि झटकन मान वर केली. बाप समोर होता. तिनं त्याला नीट पाहून घेतलं.

"मी कामावर जातोय," तो म्हणाला.  "तुम्ही सगळी उठाल, दूध प्याल, बूट घालाल, तेव्हा मी फाटकाशी येईन. आईनं तुला हे सांगायला हवं होतं. मीपण सांगायला हवं होतं. आमचं चुकलं. आई परत येणार आहे. तिला वेळ लागेल, पण ती येणार आहे." मग नको तेच विचारलं. "जाऊ का?"

फौजदारनं विचार केला. "नको," ती म्हणाली.

त्यानं हवालदिल होऊन आत्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" आत्या म्हणाली. "सांगायचं म्हटलं होतं, विचारायचं नव्हे. आता विचारलंत ना, मग ऐका तिचं."

तो बाहेर जिन्यात जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलला. म्हणजे जाण्याआधी "मी जिन्यात फोन करून आलो" असं मुलीला सांगून गेला आणि आला. दुपारची सुट्टी मिळाली होती. परत गादीवर पाय बाहेर टाकून पडला. फौजदार त्याच्याशेजारी मांडी घालून बसली, पहाऱ्यावर.

"संध्याकाळी मी सगळ्यांना सांगतो," तो छताकडे बघत हळूच म्हणाला. "तुम्ही दुपारी मुळीच झोपत नाही म्हणून."

"खबरदार!" आत्या पुन्हा आडवी होत म्हणाली. "पोरांच्या कानावर गेलं तर उद्यापासून एक झोपायचं नाही. गप्प पडा."

तो हसला. जांभई दिली, आणि या वेळी गिळली नाही. बटणवाला माणूस कपाटामागे पोचायच्या आत बाप झोपी गेला होता. तोंड उघडं, एक हात फरशीवर. त्याचं घोरणं मात्र अस्सल होतं, कित्येक महिन्यांचं साठलेलं.

आत्या डोळे मिटून ऐकत होती. फौजदार बराच वेळ बसून राहिली. मग तिची चुळबुळ सुरू झाली. ती उठली, दोन पावलं गेली, थांबली आणि परत आली. तिनं बापाच्या गालावर थापटी मारली. तो उठेना, तेव्हा जोरात मारली.

"बाबा. ए बाबा."

"अं?"

"मी शू करायला चाललेय. परत येणार आहे. तू झोप."

"बरं," बाप झोपेतच म्हणाला.

छोटी पावलं बाथरूमकडे गेली. पाणी वाजलं. पावलं परत आली आणि फाटकाकडे न वळता सरळ गादीपाशी थांबली. पुन्हा एक थापटी ऐकू आली.

"बाबा. मी आले."

मग गादी जराशी दबली. फौजदार आडवी झाली. स्वेटर पायापाशी पडला होता, तिनं तो घेतला नाही. थोड्याच वेळात तिचा श्वास बापाच्या घोरण्यामागून चालू लागला.

दारातून वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, तुमचं घोरणं थांबलंय."

"थांबू दे," आत्या म्हणाली. तिनं डोळे पुसले, पण उघडले नाहीत.